चौदा इंच

साहेब, खांब तुम्ही हलवला. खांबाबरोबर त्याच्यावरचा तुमचाच लाल बाण चौदा इंच वर चढवला. मग त्याच बाणाला टेप लावून सांगितलं, की रस्ता कागदाप्रमाणे आहे, म्हाताऱ्या मिस्त्रीचं घरच खाली बसलं असेल. हे खोटं आहे. आम्हाला ठाऊक नव्हतं असं म्हणाल, तर ठाऊक करून घेणं हेच तुमचं काम होतं. पगार त्याचाच मिळतो.

खांब कुठला आणि मिस्त्री कोण, हे तुमच्या फायलीत सापडणार नाही. म्हणून पहिल्यापासून ऐका.

नागपुरात नंदनवनच्या मागच्या अंगाला एक गल्ली आहे. गल्लीच्या तोंडाशी काळ्या दगडाची जुनी विहीर, वरून लोखंडी जाळी टाकलेली, बाजूला निंबाचं झाड. विहिरीला लागून रुपरावचं घर आणि त्याच्या पलीकडचं कौसल्याबाई सुखदेवे यांचं. कौसल्याबाई चाळीस वर्षं रेजा होत्या. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घमेलं, घमेल्यात माल आणि समोर शिडी, यातच त्यांची जवानी गेली. या शहरातले कितीतरी मजले त्यांच्या मानेवरून वर गेले. ज्या दिवाणखान्यांचा माल त्यांनी वाहिला, त्यातल्या एकातही त्यांना कधी कोणी चहाला बोलावलं नाही. त्याचं त्यांना काही वाटत नसे. गुडघे मात्र दोन्ही त्या शिड्यांनी खाल्ले.

नवरा गोविंदा मिस्त्री. ओळख कामावरच झाली, लग्नही कामावरच ठरलं. हा थापी धरायचा, ही माल द्यायची. पुढे मुलगी झाली, पांढरे केस झाले, तरी घरात हाक तीच राहिली. ते म्हणायचे रेजा, त्या म्हणायच्या मिस्त्री.

त्यांचं जुनं घर मिस्त्रींनी तीस वर्षांपूर्वी स्वतः बांधलं होतं. जोतं चार फूट, पायऱ्या सात, एकेक पायरी सात इंचांची. रुपरावचं घरही त्यांच्याच हातचं आणि तसंच. इतकं उंच काहून, असं बाहेरगावचा माणूस विचारेल. नागपूरचा नाही विचारणार. इथे रस्त्यावर रस्ता चढतो, जुना कोणी खोदत नाही. दर चार-पाच वर्षांनी डांबरावर डांबर पडतं आणि माणसाचं घर आपोआप खड्ड्यात जातं. म्हणून जो घर बांधतो तो आधीच पळ काढल्यासारखा वर चढून बसतो. या गल्लीवर मात्र घर बांधल्यापासून नवं डांबर पडलं नव्हतं, म्हणून पायऱ्या सातच राहिल्या होत्या. तरुणपणी त्या सात पायऱ्या मिस्त्री दोन ढांगांत चढत.

मग त्यांना लकवा मारला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, जीभ जड झाली. दवाखान्यातून आणलं तेव्हा गल्लीतल्या चौघांनी खुर्चीसकट उचलून सात पायऱ्या वर नेलं. वर नेलं ते वरच राहिले. अकरा महिने मिस्त्रींनी बाहेरचं जग खिडकीतून पाहिलं. दाढी करायला न्हावी घरी यायचा. निंबाखाली बसणारी मंडळी खालूनच "जयभीम मिस्त्री" म्हणून हात करायची आणि जायची. वर यायला त्यांचेही गुडघे कुठे राहिले होते?

एक दिवस जेवताना मिस्त्री थांबले. शब्द जुळवायला त्यांना वेळ लागायचा.

"रेजा," ते म्हणाले, "मले लकव्यानं नाही कोंडलं. माझ्याच पायऱ्यायनं कोंडलं."

कौसल्याबाई उठल्या. ताटं उचलली, घासली, पालथी घातली. हात पुसत आल्या आणि म्हणाल्या, "मंग आपण घर खाली उतरवू."

मिस्त्रींना वाटलं बाई थट्टा करते. बाई थट्टा करत नव्हती. चाळीस वर्षं दुसऱ्यांची घरं वर चढवली, एक घर खाली उतरवायला काय लागतं, असा तिचा साधा हिशेब होता. मुलगी मेघा कामठीला शाळेत शिकवते. तिने रविवारी येऊन कागदावर चित्र काढलं, मिस्त्रींनी डाव्या हाताने ते खोडलं, मेघाने पुन्हा काढलं. तीन रविवारांत घर ठरलं.

जुनं घर पाडलं तेव्हा मिस्त्रींना चौघांनी उचलून खाली आणलं आणि निंबाखाली बसवलं. हे शेवटचं उचलणं, असं त्यांनी चौघांनाही बजावून सांगितलं. यापुढे मला कोणी उचलायचं ते एकदाच, आणि तेव्हा मी बघायला नसेन. चौघं हसले. मग मिस्त्री हातात काठी घेऊन बसले आणि आठ महिने त्या काठीने घर बांधलं. कामावरची पोरं चुकली की काठी आपटायची.

घर असं झालं, की बघायला दुसऱ्या मोहल्ल्यातली माणसं आली. जुन्या घराची एकही वीट फेकली नाही. कौसल्याबाईंनी बसल्या बसल्या प्रत्येक विटेचा मसाला खरवडला. कमी पडल्या त्या राखेच्या विटा आणल्या. भिंतीत विटा उभ्या लावून मधे पोकळी ठेवली, म्हणजे विटा कमी लागतात आणि उन्हाची धग आत पोहोचेपर्यंत संध्याकाळ होते. छतावर चुना आणि पांढऱ्या फरशीचे तुकडे. खिडक्या उत्तरेला मोठ्या, पश्चिमेला एक झरोका फक्त. दारं एका पाडलेल्या बंगल्यातली, सागवानी, साडेतीन फूट रुंद. छताचं पाणी पन्हाळीने शोषखड्ड्यात आणि न्हाणीचं पाणी घरामागच्या सांदवाडीतल्या केळीला. मे महिन्यात गल्लीतले कूलर दिवसभर घरघरत, तेव्हा या घरात दुपारचे तीन तास सोडले तर पंख्यावर भागायचं.

आणि आत सगळं बसल्या माणसाच्या हाताला. ओटा खाली, म्हणजे कौसल्याबाईंनी स्टुलावर बसून भाकरी थापावी. बटणं खाली. संडासात खुर्ची पूर्ण फिरेल इतकी जागा आणि भिंतीला पाण्याच्या जुन्या लोखंडी पाइपचे दांडे, इतके पक्के की रुपराव त्यांना लोंबकळून पाहून गेले. घरात उंबरठा एकही नाही. दारातून रस्त्यापर्यंत पायरी एकही नाही.

रुपराव एसटीतून निवृत्त झालेले, मूळचे पारशिवनीकडचे. बोलायला लागले की ब्रेक लागत नाही. उंबरठा नाही म्हटल्यावर त्यांना चैन पडेना.

"वहिनी, घराले उंबरठा नाही तर विंचूकाटा कुठं अडन? पाणी कुठं अडन?"

"तुमच्या घरी उंबरठा आहे, सात पायऱ्या आहेत," कौसल्याबाई म्हणाल्या, "त्यानं आमच्या यमुताई तेवढ्या अडल्या आहेत."

यमुताई रुपरावची बायको. संधिवाताने ती बाई सणासुदीलाच खाली दिसायची. रुपराव उंचीवरून मात्र हटले नाहीत. रस्ता वर येणार, चार फूट घ्या, मागून मला म्हणू नका, असं ते रोज एकदा सांगून जात.

आणि तुम्हाला वाटत असेल की मिस्त्रींना हे कळत नव्हतं, तर साहेब, चाळीस वर्षं तुमच्या रस्त्यांना चुकवत ज्याने जोती घातली, त्याला कळणार नाही? म्हणून तर त्यांनी पाया भरायच्या आधी मेघाला अर्ज लिहायला लावला. आमच्या गल्लीत सिमेंटचा रस्ता मंजूर आहे असं ऐकतो. तो किती उंचीवर येईल ते लेखी कळवा. आम्हाला घर त्या बरोबरीने घ्यायचं आहे, घरात चाकाची खुर्ची आहे.

असा अर्ज तुमच्याकडे त्याआधी कधी आला नसेल. तीन हेलपाट्यांनंतर ऋषिकेश नावाचा तरुण इंजिनिअर आला. पोरगा सभ्य. त्याने घराचं चित्र पाहिलं, मिस्त्रींना नमस्कार केला आणि सांगितलं की आता जुना रस्ता खोदूनच नवा करायचा नियम आहे, उंची आहे तीच राहील. त्याच्याबरोबरच्या माणसाने घरासमोरच्या विजेच्या खांबावर तीन फुटांवर लाल रंगाने बाण काढला. आठवड्याने शिक्क्याचा कागद आला. रस्त्याचा पृष्ठभाग विजेच्या खांबावरील लाल खुणेपासून तीन फूट खाली राहील. खाली सही.

मेघाने तो कागद मोठ्याने वाचला. मिस्त्रींनी दोनदा वाचायला लावला.

मग त्यांनी नळी मागवली. मिस्त्री लोकांची पाण्याची नळी पाहिली नसेल त्यांना सांगायला पाहिजे. साधी पारदर्शक नळी असते, लांबलचक. तिच्यात पाणी भरायचं, बुडबुडा राहू द्यायचा नाही आणि दोन टोकं दोन ठिकाणी धरायची. पाणी दोन्हीकडे एकाच पातळीला उभं राहतं. तिला बॅटरी लागत नाही, शिक्का लागत नाही.

खांबावरच्या बाणाची पातळी नळीने दाराच्या जागी आणली. त्यावरून जोतं ठरलं. रस्त्याच्या वर सहा इंच, बस. सहा इंचांना सहा फुटांचा उतार, इंचाला एक फूट. एका हाताने खुर्ची ढकलणाऱ्या माणसाला तेवढाच उतार झेपतो. काम झालं असं वाटून कौसल्याबाई नळी गुंडाळायला लागल्या, तर मिस्त्रींनी काठी आपटली.

"विहिरीवर घे."

"काहून? खांबावर आहे न निशाणी."

"खांब त्यायचा आहे," मिस्त्री म्हणाले.

कौसल्याबाई हसल्या. सगळी हयात मालकांचं काम केलेल्या माणसाचा संशय जात नाही, असं त्यांना वाटलं. तरी नळीचं एक टोक विहिरीच्या कठड्याला लावलं. मिस्त्रींनी खुर्ची तिथे न्यायला लावली आणि छिन्नी मागितली. कौसल्याबाईंनी छिन्नी काळ्या दगडावर पाण्याच्या पातळीला धरली, मिस्त्रींनी डाव्या हाताने हातोडी मारली. पहिले चार घाव चुकले, एक तर कौसल्याबाईंच्या अंगठ्यावर बसला. अर्धा तास लागला. दगडावर वीतभर आडवी रेघ उमटली. लकव्यानंतरचं ते मिस्त्रींचं पहिलं काम. त्यांनी रेघेवरून बोट फिरवलं, घाम पुसला आणि म्हणाले की आता चहा आण.

घर झालं आणि दीड वर्ष सुखाचं गेलं. दीड वर्ष मिस्त्री रोज सकाळी स्वतःच्या हाताने खुर्ची वळवून दारातून निघायचे, सहा फुटांचा उतार उतरायचे आणि निंबाखाली जायचे. कोणाला हाक नाही, कोणाची वाट पाहणं नाही. भाजीवालीशी भाव करायचे, न्हाव्याच्या दुकानात जाऊन दाढी करायचे, दुसऱ्यांच्या बांधकामावर जाऊन चुका काढायचे. एकदा तर अर्धा किलो संत्री घेऊन आले आणि ओट्यावर ठेवून अशा ऐटीत बसले, की कौसल्याबाईंना पहिली मजुरी आठवली. यमुताईंना रुपराव महिन्यातून दोनदा धरून खाली उतरवायचे आणि त्या दिवसभर या घरात बसायच्या, कारण इथून अंगणात जायला कोणाचा हात लागत नव्हता.

मग मार्चमध्ये तुमचा रस्ता आला.

आधी खांब काढायला गाडी आली. रस्ता रुंद होणार म्हणून खांब दोन फूट मागे रोवला. त्यानंतर खोदायची मशीन येईल म्हणून सगळे वाट पाहत होते. मशीन आली नाही. आली गिट्टी, आणि ती थेट जुन्या डांबरावर पडली. कौसल्याबाई काठी टेकत बाहेर आल्या आणि मुकादमाला कागद दाखवला. त्याने कागद वाचलाही नाही. मावशी, मले वरून जे सांगितलं ते मी करून राहिलो, म्हणाला. वर कोण आहे ते त्यालाही माहीत नव्हतं. दोन दिवसांत लोखंडी पट्ट्या लागल्या, सिमेंट ओतलं गेलं. मिस्त्री उतार उतरून खाली आले तर समोर भिंत उभी होती. चौदा इंचांची, अजून ओली.

त्यांनी खुर्ची तिथेच थांबवली. थोडा वेळ पाहिलं. वळवली आणि आत गेले.

तिसऱ्या दिवशी तराई सुरू झाली. नवं सिमेंट वाळून तडकू नये म्हणून त्यावर मातीचे वाफे करून पाणी भरून ठेवतात. कौसल्याबाईंनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या स्लॅबवर अशी तराई केली होती. दुपारी एक वाफा फुटला. पाणी उताराच्या खड्ड्यात उतरलं, भरलं, वर आलं आणि उंबरठा शोधत दारापर्यंत पोहोचलं. उंबरठा नव्हता. स्वयंपाकघरापर्यंत गेलं. कौसल्याबाई स्टुलावर बसून झाडूने पाणी लोटत होत्या आणि मिस्त्री पलंगावरून पाहत होते. रुपराव धावत आले, बादली घेतली आणि पाणी उपसता उपसता म्हणालेच, "म्हणलं होतं न वहिनी मी."

"म्हणलं होतं भाऊ," कौसल्याबाई म्हणाल्या. "तुमचं खरं झालं. आता ती बादली तिकडं केळीत टाका, वाया नका घालवू."

अर्ज गेला. दुसरा गेला. तिसऱ्यावर ऋषिकेश आला, या वेळी बरोबर दोन माणसं आणि टेप. त्याने कागद काढला, खांबाशी वाकला, बाणापासून रस्त्यापर्यंत टेप सोडली. तीन फूट. ना दोरा कमी, ना दोरा जास्त. त्यालाही आश्चर्य वाटलं असावं, कारण त्याने पुन्हा मोजलं. मग म्हणाला, मावशी, कागदाप्रमाणे आहे. बरोबरच्या मोठ्या पोटाच्या माणसाने घराकडे पाहिलं आणि भर घातली. काळी माती आहे, पाया कच्चा असेल, घर बसलं असेल.

हे तो दारात उभा राहून बोलला. आत मिस्त्री ऐकत होते.

त्यानंतर दोन दिवस मिस्त्री बोलले नाहीत. जेवले, औषध घेतलं, पण बोलले नाहीत. कौसल्याबाईंना रस्त्यापेक्षा याची भीती वाटली. पाय गेला, हात गेला, तेव्हाही या माणसाने थट्टा सोडली नव्हती. तिसऱ्या दिवशी सकाळी ते भिंतीकडे पाहत म्हणाले, "रेजा, त्या दिवशी नळी मी बरोबर वाचली होती न? डोळ्याले तवा कमी दिसत होतं मले."

सगळं आयुष्य ज्याची रेघ कधी हलली नाही, त्या माणसाला स्वतःच्या रेघेवर संशय आला. साहेब, रस्त्याचं एक वेळ सोडू. हे तुम्ही केलं, हे सोडता येत नाही.

कौसल्याबाई म्हणाल्या, "बाण मी पाहिला. बाण जिथं होता तिथंच आहे. रस्ता त्याच्या तीन फूट खाली आहे. मंग भिंत कुठून आली?" हे त्या स्वतःलाच विचारत होत्या. खांब आणि बाण, बाण आणि रस्ता, असं बोटावर फिरवत होत्या. मग बोट थांबलं. खांब गाडीने उपटला होता. दोन फूट मागे नेला होता. आणि रोवला होता तो नव्या रस्त्याच्या उंचीच्या मापाने, कारण खांब जमिनीच्या वर ठरलेल्याच उंचीचा राहावा लागतो. म्हणजे खांब वर आला. म्हणजे त्याच्या अंगावरचा बाणही वर आला.

"मिस्त्री," त्या म्हणाल्या, "खांब चालला. विहीर तर नाही चालली न?"

मिस्त्रींनी मान वळवली.

रविवारी सकाळी मेघा आली. नळी माळ्यावरून काढली, धुतली, पाणी भरलं. बुडबुडे काढायला कौसल्याबाईंनी नळीला टिचक्या मारल्या. आपल्याला उचलून रस्त्यावर न्या असं मिस्त्री म्हणतील, असं मेघाला वाटलं होतं. ते म्हणाले नाहीत. शेवटचं उचलणं झालं होतं. ते दारातच बसले आणि नळीचं एक टोक चौकटीला धरलं. चौकट बसवताना त्या दिवसाची खूण तिच्यावर उतरवून घेतली होती, फरशीपासून अडीच फुटांवर, आता ती रंगाखाली होती. मेघाने नखाने रंग खरवडला. खूण निघाली.

दुसरं टोक घेऊन कौसल्याबाई निघाल्या. रस्त्याची भिंत चढायला त्यांना रुपरावचा हात लागला. विहिरीच्या कठड्याशी गेल्या, दगडावरची धूळ पदराने पुसली. नळी लावली. पाणी वर गेलं, खाली आलं, हललं. सगळे नळीवर वाकले होते. दारातून मिस्त्रींचा आवाज आला, "थांबू दे त्याले. घाई नको करू."

पाणी थांबलं. तिथे चौकटीच्या खुणेवर, इथे दगडातल्या रेघेवर. बरोबर रेघेवर.

"मिस्त्री," कौसल्याबाईंनी हाक दिली, "घर जिथं होतं तिथंच आहे गा."

मेघाने नंतर सांगितलं, की बाबांनी नळी सोडली नाही, फक्त डोळे मिटले.

मग रुपरावांनी तेच टोक खांबावर नेलं. पाण्याची पातळी बाणाच्या पुष्कळ खाली आली. त्यांनी टेप लावली आणि मोठ्याने वाचलं, चौदा इंच. विहिरीच्या रेघेपासून रस्त्यापर्यंत मोजलं तर तीन फुटांचे बावीस इंच उरले होते. इथेही चौदा. रुपराव टेप हातात घेऊन स्वतःच्या घराकडे वळले आणि काहीतरी मोजू लागले. मोजून झाल्यावर कपाळाला हात लावला.

"वहिनी, माझ्या सात पायऱ्या होत्या. पाच राहिल्या. दोन रस्त्यानं गिळल्या आणि मले कळलंच नाही. मी म्हणून राहिलो होतो, आजकाल दम कमी लागते."

कौसल्याबाई रस्त्याच्या कडेला बसूनच हसल्या. दारात मिस्त्रीही हसले. तीन महिन्यांत पहिल्यांदा.

"साहेबाले विचारजा रुपराव," मिस्त्री म्हणाले, "तुमचं बी घर बसलं का म्हणून."

ऋषिकेशला बोलावलं. तो एकटा आला, मोटारसायकलवर. नळी पुन्हा लावून दाखवली. तो विहिरीपाशी वाकून त्या रेघेकडे खूप वेळ पाहत राहिला. हे कोणी काढलं, विचारलं. मेघाने बाबांकडे बोट केलं. पोराचे कान लाल झाले. हळू आवाजात त्याने सांगितलं, की खांब हलवणारे वेगळे, रस्ता करणारे वेगळे, दोघांनी आपापलं माप बरोबर ठेवलं. बाणाचा विचार कोणी केला नाही. तो हे वर लिहील. पण वरचे विचारतील की कोणत्या यंत्राने मोजलं, आणि नळी ते धरणार नाहीत.

"तुमच्या रस्त्याचा उतार त्या मुकादमानं कायनं काढला?" कौसल्याबाईंनी विचारलं.

मुकादमाने नळीनेच काढला होता. सगळ्या गल्लीने पाहिलं होतं.

जाताना तो म्हणाला की तोवर दारात आठ इंचांचा उलटा उतार करून घ्या, रस्त्याकडून घराकडे येणारा. कौसल्याबाईंनी शांतपणे समजावून सांगितलं. जागा सहा फूट. आठ इंचांना आठ फूट पाहिजेत. सहा फुटांत केला तर एका हाताने मिस्त्री चढणार नाहीत आणि पावसाचं पाणी मात्र विनासायास उतरेल. तो उतार माणसासाठी होणार नाही, पाण्यासाठी होईल. पोराने मान हलवली. त्याला गणित पटलं होतं. त्याच्या हातात काही नव्हतं, हेही दिसत होतं. कौसल्याबाईंनी त्याला चहा दिला. तो प्यायला.

गल्लीतल्या मंडळींनी फळी आणून टाकली. चौघांनी ढकलतो म्हटलं. मिस्त्रींनी डावा हात वर करून नाही म्हटलं. कोणी ढकलून न्यायचं असतं तर जुनं घर काय वाईट होतं? सात पायऱ्यांवर बसून माणूस जग तरी पाहत होता. आता ते रोज सकाळी दाढी करून घेतात, न्हावी पुन्हा घरी येऊ लागला आहे, आणि उतार उतरून त्या भिंतीपर्यंत येतात. खुर्चीचा ब्रेक लावतात. निंबाखालची मंडळी तिथेच येऊन रस्त्याच्या कडेला बसतात, पाय खाली सोडून. गप्पा होतात. पण विहिरीवरची रेघ तिथून दिसत नाही.

आतलं घर तसंच आहे. भिंती थंड, केळ पोसलेली, ओटा हाताला. कौसल्याबाई तिथेच बसून भाकरी थापतात. इथेच म्हातारं व्हायचं, इथेच मरायचं, असं त्यांचं ठरलेलं आहे, त्यात बदल नाही. घर वर उचलायचं का, असं मेघाने एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "कायले? ज्याचं चुकलं त्यानं उतरावं. आपलं बरोबर आहे."

शेवटचा अर्ज त्यांनी मेघाकडून लिहून घेतला. सोबत तुमचा कागद, रेघेचा फोटो आणि बावीस इंचांवर धरलेल्या टेपचा फोटो जोडला. आवक शिक्का मारून घेतला. आज त्याला एकशे बारा दिवस झाले. अर्जात दया मागितलेली नाही, मदत मागितलेली नाही. दोनच गोष्टी विचारल्या आहेत. हे चौदा इंच तुम्ही कधी नेता? आणि गोविंदा मिस्त्रींचं घर बसलं नव्हतं, हे लिहून कधी देता?

तारीख सांगा. खांबाला विचारून नको. विहिरीपाशी या, रेघेवर हात ठेवा आणि तिथे उभं राहून सांगा.